प्रोफेशनल डेस्कटॉपला तीन वर्षं अपडेटच नाही, थांबू का सोडून देऊ?

रंगजुळणी, नोव्हेंबर २०२२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, जरा लांबेल.

मी कलर करतो, जास्त करून माहितीपटांचं काम. शूट होऊन आलेलं फुटेज, त्यातला नॉइज (चित्रातले दाणे) काढणं, शॉटला शॉट जुळवणं आणि फायनल करून देणं. २०२०च्या मार्चमध्ये एका मोठ्या कंपनीचा वर्कस्टेशन टॉवर घेतला. दहा कोरचा इंटेलचा झिऑन डब्ल्यू २२५५ प्रोसेसर, १२८ जीबी ईसीसी (म्हणजे स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम, ८ जीबीचं क्वाड्रो आरटीएक्स ४००० ग्राफिक्स कार्ड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मला भांडण नकोय, सल्ला हवाय. आणि एक सांगतो, मशीन चांगलंच आहे. पावणेतीन वर्षांत एकदाही दगा दिला नाही, रात्रभर रेंडर लावून झोपलो तर सकाळी फाइल तयार असते. म्हणूनच त्याच घराण्यातलं पुढचं मॉडेल घ्यायचं ठरवून बसलो होतो.

अडचण अशी की पुढचं मॉडेलच नाहीये. मी घेतला तोच टॉवर आजही कंपनीच्या साइटवर आहे, तोच प्रोसेसर, त्याच ग्राफिक्स कार्डांची यादी, आणि किंमतही तीच. २०२१मध्ये आरटीएक्स ए४००० आणि ए५००० आली, ती यादीत नाहीत. साध्या घरगुती डेस्कटॉपमध्ये पीसीआय ४ (कार्ड जोडायच्या स्लॉटची नवी पिढी) येऊन जुनं झालं, इथे अजून पीसीआय ३. गेमिंगच्या मशीन दरवर्षी बदलतात, लॅपटॉप दरवर्षी बदलतात, आणि ज्याच्यावर लोकांचं पोट चालतं ते मशीन मात्र कोपऱ्यात ठेवून दिल्यासारखं पडलंय.

आता कामात काय होतंय ते सांगतो. परवा ६के फुटेज आलं, अंधारात शूट केलेलं, भरपूर नॉइज. रिझॉल्व्ह ह्या कलरच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शन (आजूबाजूच्या फ्रेम बघून नॉइज काढणं) लावलं, वर दोन नोड (रंग बदलायच्या पायऱ्या) चढवले, आणि 'जीपीयू मेमरी भरली' असा मेसेज, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. टाइमलाइन अर्ध्या रिझोल्यूशनवर आणली तेव्हा कुठे चाललं, तेही सेकंदाला ११ फ्रेम. शेजारी दिग्दर्शक बसलेले. तो शॉट म्हणजे एक म्हातारी बाई दाराकडे वळून बघते, बस एवढंच, सगळा जीव त्या वळण्याच्या वेगात आहे आणि तेच आम्हाला नीट बघता येत नव्हतं. मग कॅश करायचं (तयार फ्रेम आधी साठवून घ्यायच्या), थांबायचं, बघायचं, एक बदल केला की परत कॅश. त्या दिवशी चार तासांचं काम नऊ तास चाललं.

म्हटलं मशीन उघडून मोठं कार्ड बसवू. उघडलं तर पॉवर सप्लायचा मदरबोर्डकडे जाणारा कनेक्टरच कंपनीचा स्वतःचा, बाजारातला सप्लाय बसत नाही. बोर्डाचा आकारही वेगळा. म्हणजे आहे त्या सप्लायमध्ये बसेल तेवढंच कार्ड. नुकतंच आलेलं एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० कार्ड एकटं ४५० वॉट खातं, ते तर विसराच.

कंपनीला तीनदा विचारलं. पहिल्यांदा उत्तर आलं की सध्याचं मॉडेल व्यावसायिक कामासाठी उत्तम आहे. दुसऱ्यांदा तेच उत्तर, फक्त खाली वेगळं नाव. तिसऱ्यांदा फोन केला, समोरची मुलगी सभ्यपणे बोलली, म्हणाली सर, पुढच्या उत्पादनांबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही. मी म्हटलं मॉडेल सांगू नका, तारीख सांगू नका, एवढंच सांगा की येणार आहे का बंद करताय. तेही सांगता येत नाही म्हणाली. त्या बिचारीचा काही दोष नाही, पण खरं सांगतो, जुनं मशीन विकतायत ह्याचा जितका राग नाही तितका ह्या गप्प बसण्याचा आहे. मला माझं वर्ष आखायचंय, कामं घ्यायची का सोडायची ते ठरवायचंय. आज घेतलं आणि दोन महिन्यांत नवीन आलं तर फसलो, थांबलो आणि दोन वर्षं आलंच नाही तरी फसलो.

ज्यांनी ह्यातून वाट काढलीय त्यांनी लिहा प्लीज. थांबू, का सोडून असेंबल करू, का अजून काही?


फक्त_काम, नोव्हेंबर २०२२

थांबू नका. ज्या कंपनीला तीन वर्षांत ग्राफिक्स कार्डाची यादी बदलता आली नाही तिच्यासाठी तुम्ही अजून एक दिवसही घालवू नका. कार्डाची यादी बदलायला नवीन प्रोसेसर लागत नाही, नवीन बोर्ड लागत नाही, फक्त कोणीतरी टेस्ट करून सही करायला लागते. तेवढंही केलं नाही म्हणजे त्या मॉडेलवर आता कोणाचं लक्ष नाही असं समजून चाला.


जुना_टॉवर, नोव्हेंबर २०२२

रंगजुळणी, तुमची पोस्ट वाचून मला मॅक प्रोचा, म्हणजे ॲपलच्या व्यावसायिक डेस्कटॉपचा, अख्खा इतिहास आठवला. तुमची कंपनी कुठली ते मी विचारत नाही, पण हा खेळ उघड्यावर बघायचा असेल तर मॅक प्रोइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही, सगळं जाहीर आहे, तारखांसकट.

२०१०चा टॉवर, ॲल्युमिनियमचा, दोन हँडलवाला. ज्यांनी वापरलाय त्यांना माहितीये काय चीज होती, बाजूचं दार काढलं की सगळं हाताशी, चार हार्ड डिस्कचे ट्रे नुसते ओढून बाहेर. २०१२मध्ये लोक डोळे लावून बसले होते तर आला नुसता वरवरचा बदल, यूएसबी ३ नाही, थंडरबोल्ट (वेगवान जोडणीचा पोर्ट) नाही, आणि हे कधी तर ॲपलच्याच लॅपटॉपमध्ये थंडरबोल्ट येऊन वर्ष उलटून गेल्यावर. लोक इतके चिडले की ॲपलच्या प्रमुखाला, टिम कुकला, स्वतः एका ग्राहकाच्या मेलला उत्तर द्यावं लागलं, की २०१३च्या उत्तरार्धासाठी काहीतरी चांगलं करतोय म्हणून. २०१३च्या मार्चपासून तर युरोपात तो टॉवर विकणंच बंद झालं कारण तिथल्या सुरक्षेच्या बदललेल्या नियमात त्याचे पंखे बसत नव्हते, आणि कंपनीने जुन्या मॉडेलमध्ये दुरुस्ती करण्यापेक्षा विक्री थांबवली.

मग डिसेंबर २०१३ला तो काळा नळकांड्यासारखा मॅक प्रो. दिसायला अप्रतिम होता, ह्यात वाद नाही. मध्ये एक त्रिकोणी धातूचा गाभा, तिन्ही बाजूंना बोर्ड चिकटवलेले, वर एकच पंखा. दोन ग्राफिक्स कार्डं, दोन्ही साधारण सारखी, दोघांवर सारखा भार पडेल ह्या हिशोबाने केलेली रचना. पण जग दुसरीकडे गेलं, लोकांना दोन मध्यम कार्डं नको होती, एकच दांडगं कार्ड हवं होतं, आणि तेवढी उष्णता त्या गाभ्याला एका बाजूने झेपत नव्हती. पुढे काही घालायला जागाच उरली नाही.

आणि इथे तुमचा मुद्दा येतो. हे कंपनीला आत कधी कळलं असेल? पण बाहेर कोणी बोललं ते थेट एप्रिल २०१७मध्ये. सव्वातीन वर्षं तेच मशीन त्याच किमतीला. मग मोजक्या पत्रकारांना बोलावून ॲपलचे वरिष्ठ अधिकारी फिल शिलर आणि क्रेग फेडरिगी ह्यांनी कबूल केलं की उष्णतेच्या बाबतीत आम्ही स्वतःच स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतलं, नवीन मॉड्युलर मशीन करतोय पण ह्या वर्षी मिळणार नाही. अपडेट थांबल्याबद्दल सॉरीही म्हणाले. मला विचाराल तर त्या वर्षातली ती सगळ्यात उपयोगी बातमी होती, मशीन नव्हतं हातात, पण निदान माणसाला कळलं की आता थांबण्यात अर्थ नाही, काम चालवायला दुसरं काहीतरी बघा. हेच २०१५ला सांगितलं असतं तर?

मध्ये २०१७च्या डिसेंबरला आयमॅक प्रो दिला, तोही पुढे जवळजवळ होता तसाच राहिला आणि २०२१च्या मार्चमध्ये बंद. खरा टॉवर आला डिसेंबर २०१९ला. आठ पीसीआय स्लॉट, दीड टेराबाइटपर्यंत रॅम, १४०० वॉटचा सप्लाय, सुरुवात ५,९९९ डॉलरपासून. आणि सहा महिन्यांनी, जून २०२०मध्ये, सांगितलं की आम्ही इंटेल सोडतोय, दोन वर्षांत सगळे मॅक आमच्या चिपवर. ज्याने त्या सहा महिन्यांत भरभक्कम पैसे ओतले त्याला काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. ती दोन वर्षंही आता संपली. ह्या मार्चमध्ये मॅक स्टुडिओ हे छोटं डेस्कटॉप दाखवताना म्हणाले की आता फक्त मॅक प्रो राहिला, पण ते पुन्हा कधीतरी. अजून तेच चालू आहे.

एवढं लिहिलं ते एवढ्यासाठीच की २०१० ते आज ह्या बारा वर्षांत तिथे पूर्ण नवीन मशीन आली दोन. दोन! थांबायचं म्हणजे किती थांबायचं त्याचा अंदाज ह्यावरून घ्या.

अवांतर: मला अजूनही २०१०च्या टॉवरचं ते दार आवडतं.


बोर्डवाली, नोव्हेंबर २०२२

जुना_टॉवर ह्यांच्याशी बराचसा सहमत, पण रंगजुळणी दादा, तुमच्या केसमध्ये अर्धा दोष कंपनीचा नाहीये, तो कुठला ते कळलं तर ठरवायला सोपं जाईल, म्हणून लिहितेय.

तुमचा २२५५ हा झिऑन डब्ल्यू २२०० मालिकेतला. ती मालिका इंटेलने ऑक्टोबर २०१९ला जाहीर केली. त्यानंतर आजपर्यंत त्या जागेवर बसणारा नवीन प्रोसेसर इंटेलने दिलेलाच नाही. गेल्या वर्षी डब्ल्यू ३३०० आला पण तो वरच्या पायरीचा, मोठा सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), वेगळा बोर्ड, महाग, तो काही तुमच्या टॉवरचा वारस नाही. म्हणजे मधल्या पायरीचा वर्कस्टेशन बनवणाऱ्या सगळ्याच कंपन्या एकाच दाराबाहेर उभ्या आहेत, दार उघडायचं इंटेलच्या हातात.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडीकडे गेलात तर तिकडे वेगळंच दुखणं. त्यांचा भरपूर कोरचा प्रोसेसर थ्रेडरिपर आला २०१७ला, लोकांनी बोर्ड घेतले. २०१९च्या नोव्हेंबरला तिसरी पिढी आली ती जुन्या बोर्डावर चालेना, ठीक, लोकांनी नवीन टीआरएक्स४० बोर्ड घेतले, ह्यावर पुढचेही बसतील ह्या आशेने. त्या बोर्डावर पुढची पिढी आलीच नाही. ५००० मालिका ह्या वर्षी आली ती फक्त थ्रेडरिपर प्रो म्हणून, वेगळा बोर्ड, आणि सुरुवातीचे कित्येक महिने एकाच कंपनीच्या तयार मशीनमध्ये. साधा, प्रो नसलेला थ्रेडरिपर त्या पिढीत नाहीच. ज्या लोकांनी एएमडीला ह्या बाजारात उभं केलं तेच बाहेर राहिले. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं, कारण तो प्लॅटफॉर्म मला मनापासून आवडला होता.

तर प्रोसेसरपुरतं तुमच्या कंपनीला मी माफ करेन. ग्राफिक्स कार्डाच्या यादीसाठी नाही करणार, तिथे फक्त_काम ह्यांना +१. आणि कंपनीचा खास कनेक्टर लावून माणसाचे हात बांधायचे आणि वर अपडेटही द्यायचं नाही, हे दोन्ही एकत्र म्हणजे अन्यायच आहे. कनेक्टर वेगळा ठेवायचाय ना, मग कार्ड तुम्ही द्या. कार्ड द्यायचं नाही ना, मग कनेक्टर सगळ्यांसारखा ठेवा.

आता कामाचं. तुमची खरी अडचण प्रोसेसर नाहीये. मेसेज काय आला, जीपीयू मेमरी भरली. रिझॉल्व्हमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शन हे सगळं कार्डाच्या मेमरीत आजूबाजूच्या फ्रेम धरून ठेवतं, ६केला ८ जीबी पुरणारच नाही, दहाच्या जागी वीस कोर लावले तरी तोच मेसेज येईल. तुमचं आरटीएक्स ४००० हे १६० वॉटचं, एका स्लॉटचं. आरटीएक्स ए४००० आहे १४० वॉटचं, तेही एकाच स्लॉटचं, आणि त्यात १६ जीबी मेमरी. सहा पिनचा एकच कनेक्टर लागतो. म्हणजे तुमच्या सप्लायवर आहे त्यापेक्षा भार कमीच पडेल. पीसीआय ४चं कार्ड आहे पण ३च्या स्लॉटमध्ये बसतं आणि चालतं, तुमच्या कामात फरक जाणवणार नाही. कंपनीच्या यादीत नाही म्हणून बसत नाही असं नसतं. फक्त तुमच्या कार्डाला जाणारी वायर आठ पिनची एकसंध आहे का सहा अधिक दोन अशी सुटी होणारी आहे ते आधी बघा. आणि वॉरंटी किती उरलीय तेही बघून घ्या.


रंगजुळणी, नोव्हेंबर २०२२

बोर्डवाली ताई, मनापासून आभार. आत्ता मशीन बंद करून बघितलं, वायर सहा अधिक दोनचीच आहे, शेवटच्या दोन पिना एका छोट्या खाचेत अडकवलेल्या, नखाने सरकवल्या की सुट्या होतात. तीन वर्षं समोर होतं, कधी बघितलंच नव्हतं. वॉरंटी मार्चपर्यंत आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. हे मला तुम्ही सांगितलंत. कंपनीला मी तीनदा विचारलं, तोच मेसेज, तीच अडचण, स्क्रीनशॉट पाठवला होता. तिथे ज्याला हे माहिती असेल त्याच्यापर्यंत माझा प्रश्न पोचलाच नाही.


दुसऱ्या_बाजूने, नोव्हेंबर २०२२

मी अशाच एका कंपनीच्या विक्रीत होतो, आता नाही. कंपनीचं नाव नको. आतून हे कसं दिसतं ते लिहितो, समर्थन म्हणून नाही.

तुम्ही एक किंवा दोन मशीन घेणारे. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे एकदम काहीशे मशीन उचलणारे, इंजिनिअरिंगवाले, बँका, दवाखान्यातली इमेजिंगची खाती. त्यांना बदल नकोच असतो. त्यांनी एका कॉन्फिगरेशनवर सगळं सॉफ्टवेअर तपासून ठेवलेलं असतं, बोर्डावरची एक चिप बदलली तरी परत सगळं तपासावं लागतं. इंटेल स्वतः ऑफिसच्या मशीनसाठी किमान १५ महिने प्लॅटफॉर्म न बदलण्याचा कार्यक्रम चालवतं, आणि मोठी गिऱ्हाइकं त्याहून जास्त मागतात. तर तुम्हाला जे दुर्लक्ष वाटतं ते त्यांना स्थैर्य वाटतं, आणि मीटिंगमध्ये आवाज त्यांचा असतो. तुमच्यासारख्यांचा ईमेल सपोर्टच्या ढिगात जातो. मी तिथे असताना हे चुकीचं आहे असं दोनदा लिहून दिलं होतं, पुढे काही झालं नाही.

गप्प बसण्याचं कारण वेगळं. पुढचं मॉडेल येतंय म्हटलं की आजचा माल पडून राहतो ही भीती. ऑस्बॉर्न कंपनीची गोष्ट विक्रीतल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात ऐकवतात, १९८३मध्ये नवीन मशीनची घोषणा आधीच केली, जुन्याची मागणी बसली आणि त्याच वर्षी दिवाळं निघालं. खरं कारण तेवढंच होतं का ह्यावर वाद आहे, पण भीती पक्की बसलेली आहे. आणि मला वाटतं ती भीती तुमच्या बाबतीत लागूच होत नाही. तीन वर्षांचा जुना माल पूर्ण किमतीला घ्यायला तसंही कोण येतंय? जे येतात ते नाइलाजाने येतात आणि परत येत नाहीत.

एक हिशोब देतो. कॉन्फिगरेशनच्या पानावर पर्याय कमी व्हायला लागले, आधी सहा कार्डं होती आता तीन, आधी चार प्रोसेसर आता दोन, की समजायचं भाग संपवतायत. नवीन येवो न येवो, हे जाणार.


फक्त_काम, नोव्हेंबर २०२२

मी तरी म्हणतो असेंबल करा आणि सुटा. स्टँडर्ड बोर्ड, स्टँडर्ड सप्लाय, कुठल्याच कंपनीची परवानगी नको.


जुना_टॉवर, नोव्हेंबर २०२२

असेंबलचं एवढं सोपं नाहीये हो. रात्री अकराला मशीन मेलं आणि सकाळी डिलिव्हरी आहे तेव्हा तयार मशीनला फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस बोर्ड घेऊन दारात येतो. असेंबलमध्ये रॅमवाला म्हणतो बोर्ड, बोर्डवाला म्हणतो सप्लाय. ईसीसी रॅमही प्रत्येक बोर्डावर नीट चालेलच असं नाही, बसते पण चुका दुरुस्त करतेय का नाही ते तपासावं लागतं. ज्याच्याकडे दुसरं मशीन स्टँडबाय आहे त्याने असेंबल करावं, एकाच मशीनवर घर चालतं त्याने दहादा विचार करावा.

आणि लोक तयार वर्कस्टेशनला जास्त पैसे देतात ते ह्याच विश्वासासाठी. म्हणूनच तो विश्वास असा वाऱ्यावर सोडला की लागतं.


बोर्डवाली, नोव्हेंबर २०२२

दोघांचंही पटतं. पण आज मोठा निर्णय घेऊच नका असं माझं मत. ४०९०च्या नव्या पॉवर कनेक्टरचे वितळलेले फोटो सगळीकडे फिरतायत, त्याचं काय ते स्पष्ट होऊ दे. इंटेलचं मधल्या पायरीचं काहीतरी नक्की यायला हवं, कधी ते मी सांगू शकत नाही. ए४००० लावा, काम चालू करा, आणि कंपनीच्या तारखेची वाट न बघता स्वतःची एक तारीख ठरवा. त्या दिवशी बाजारात जे असेल त्यातलं उत्तम घ्यायचं.


नवखा_एडिटर, जुलै २०२५

जुना धागा वर काढतोय, सॉरी. मी डिट्टो ह्याच ठिकाणी अडकलोय, कंपनी वेगळी, उत्तर तेच. रंगजुळणी सर, पुढे काय केलंत?


रंगजुळणी, जुलै २०२५

सॉरी कशाला, बरं केलंत. मीच येऊन लिहायला हवं होतं.

डिसेंबर २०२२ला ए४००० घेतलं आणि स्वतः बसवलं. ड्रायव्हर टाकला, तोच प्रोजेक्ट उघडला, तोच म्हातारीचा शॉट. पूर्ण रिझोल्यूशनवर मेसेज न येता चालला, सेकंदाला १८ फ्रेम. चोवीस नव्हे, पण ती मान वळते तो वेग समजत होता. दिग्दर्शकांना फोन करून बोलावलं, तो सीन आम्ही परत एकदा बसून केला. आधी जे पाठवलं होतं त्यात तिच्या चेहऱ्यावरची सावली मी जास्त उचलली होती, तेव्हा अडखळत बघताना ते लक्षातच आलं नव्हतं.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे तारीख ठरवली, डिसेंबर २०२३. कॅलेंडरवर लिहून ठेवली आणि रोज बातम्या वाचणं बंद केलं. त्याचा फार उपयोग झाला, आधी दर आठवड्याला एक संध्याकाळ त्यातच जायची.

मध्ये फेब्रुवारी २०२३ला इंटेलचे डब्ल्यू २४०० आणि ३४०० आले, म्हणजे ऑक्टोबर २०१९ नंतर तीन वर्षं चार महिन्यांनी. माझ्या कंपनीने त्यावर नवीन टॉवर काढला, पण मला त्याची मेल आली ती बाजारात येऊन कितीतरी दिवसांनी, आणि तीही जाहिरातीची. तीनदा विचारणाऱ्या माणसाला एक ओळ लिहायला काय लागलं असतं. तोपर्यंत माझं मन उडालं होतं. नोव्हेंबर २०२३ला साधा थ्रेडरिपर परत आला, ७००० मालिका, आणि माझी तारीख जवळच होती. चोवीस कोरचा ७९६०एक्स, टीआरएक्स५० बोर्ड, ह्या बोर्डाला रजिस्टर्ड रॅमच लागते, ती ईसीसीवालीच येते, त्यामुळे ईसीसीचा प्रश्न आपोआप मिटला. जुना_टॉवर ह्यांचं ऐकून जुनं मशीन विकलं नाही, ते ए४०००सकट स्टँडबाय ठेवलंय. गेल्या वर्षी नव्याचा सप्लाय गेला तेव्हा चार दिवस सगळं काम त्याच्यावर काढलं.

तुम्हाला एवढंच विचारतो, काम नक्की कुठे अडतं? मेसेज काय येतो, तो जसाच्या तसा इथे टाका.


जुना_टॉवर, जुलै २०२५

वा, धागा परत बघून बरं वाटलं. नवखा_एडिटर, मॅकचं विचारात असेल तर माझ्या त्या पोस्टच्या पुढचं ऐका. जून २०२३ला मॅक प्रो आला ॲपलच्या चिपवर, एम२ अल्ट्रा. जिथे दीड टेराबाइट रॅम बसायची तिथे जास्तीत जास्त १९२ जीबी, तीही नंतर वाढवता न येणारी. स्लॉट आहेत पण ग्राफिक्स कार्ड त्यात चालत नाही. तीच चिप त्याच दिवशी मॅक स्टुडिओतही आली, ३,९९९ डॉलरला, आणि मॅक प्रो ६,९९९ला. मग ह्या मार्चमध्ये मॅक स्टुडिओला एम३ अल्ट्रा आणि ५१२ जीबीपर्यंत मेमरी दिली, मॅक प्रोला काही नाही. महागडं मोठं मशीन मागे आणि छोटं पुढे. ज्यांना ऑडिओची किंवा व्हिडिओ कॅप्चरची कार्डं लावायची आहेत त्यांना मॅक प्रोशिवाय सरळ पर्याय नाही, आणि त्यांनाच परत थांबवलंय. पंधरा वर्षं मी हे बघतोय आणि अजून त्रास होतो.


नवखा_एडिटर, जुलै २०२५

धन्यवाद सगळ्यांना. मॅक नाही, विंडोज टॉवर आहे, २०१७चा, साधा सातव्या पिढीचा कोअर आय७. कंपनी म्हणते विंडोज ११ चालणार नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, म्हणून नवीन घ्या, पण नवीन म्हणून जे दाखवतात तेही दोन वर्षं जुनं. मेसेज असा काही येत नाही, मल्टिकॅम कटिंग करताना चार कॅमेरे लावले की प्लेबॅक अडखळतो. फुटेज एच.२६५, १०-बिट, ४:२:२, म्हणजे रंगाची माहिती जास्त ठेवणारा पण उलगडायला जड प्रकार.


बोर्डवाली, जुलै २०२५

मेसेज येत नाही तेच महत्त्वाचं आहे, मेमरीची अडचण नाहीये मग. १०-बिट ४:२:२ एच.२६५ हार्डवेअरमध्ये उलगडायची सोय तुमच्या सातव्या पिढीत नाही, सगळा भार प्रोसेसरच्या कोरवर येतो. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये ती सोय आहे पण नंतरच्या पिढ्यांमध्ये, आणि एनव्हिडियाने ती ह्याच वर्षीच्या ५० मालिकेत आणली, त्यामुळे नवीन घेताना कोर मोजू नका, हे आधी विचारा. तोवर रात्री प्रॉक्सी (कटिंगपुरत्या हलक्या प्रती) करून ठेवा, प्रोरेस किंवा डीएनएक्स ह्या फॉरमॅटमध्ये, चारही कॅमेरे ह्याच मशीनवर चालतील. ऑक्टोबरपर्यंत अजून तीन महिने आहेत. तुमच्या सप्लायवर किती वॉट लिहिलंय आणि कार्डाच्या स्लॉटच्या शेजारी किती जागा आहे तेवढं मोजून सांगा.